पाच ग्रह आणि एक तिथी

भूबाणप्राणचंद्राब्दैः सम्मिते शालिवाहने ।
शके संवत्सरे शुक्ले प्रवृत्ते चोत्तरायणे ॥

परमानंद कवींद्राच्या ‘शिवभारता’च्या सहाव्या अध्यायातला हा श्लोक. पुढच्याच श्लोकात शिशिर ऋतू, फाल्गुन मास, कृष्णपक्ष, तृतीया आणि रात्रीची वेळ येते. शिवाजी महाराजांच्या जन्माचा हा प्रसंग आहे. कवी नेवाशाचा, भाषा संस्कृत, घाट पुराणाचा. काशीच्या पंडितांनी विचारलं आणि परमानंदाने गंगेकाठी त्यांना ही कथा सांगितली, अशी काव्याची मांडणी आहे. ही चौकट लक्षात ठेवलेली बरी, पुढे तिचं काम पडणार आहे.

आधी श्लोकातला आकडा काढू. जुने कवी वर्ष सरळ अंकांत सांगत नसत. वृत्तात अंक बसत नाहीत, आणि नुसत्या अंकात नकलाकाराचा हात घसरला तर चूक कळतही नाही. म्हणून अंकांऐवजी शब्द योजायचे. भू म्हणजे पृथ्वी, ती एकच, म्हणून १. बाण मदनाचे पाच, म्हणून ५. प्राण पाच, म्हणून ५. चंद्र एक, म्हणून १. हे अंक एककापासून सुरू करून उजवीकडून डावीकडे मांडायचे, कारण नियमच आहे : अंकानां वामतो गतिः. इथे १, ५, ५, १ हा आकडा उलटा वाचा की सुलटा, १५५१ च येतो. नियम न पाळणाऱ्याचंही इथे बिघडत नाही. एरवी याच ठिकाणी हमखास घोटाळा होतो. ‘वेद’ आणि ‘नेत्र’ या क्रमाने आलेले शब्द कोणी ४२ वाचतो, असतात २४. काही शब्दांना दोन-दोन किमती आहेत. ‘सागर’ बहुधा ४, पण क्वचित ७. ‘रस’ म्हटलं की काव्यशास्त्र शिकलेल्या माणसाला नऊ आठवतात, पण कालगणनेत ते जिभेचे सहा रस असतात. काव्याच्या बाहेरचं थोडं शास्त्र आणि काव्याच्या आतली थोडी रीत, दोन्ही हाताशी असल्याशिवाय असा श्लोक उघडत नाही.

आकडा काढला म्हणजे काम झालं असं नाही, तो ताडून पाहायचा असतो. कवीने संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नावही दिलं आहे : शुक्ल. दक्षिणेकडच्या गणनेत शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. उरलेली बाकी म्हणजे प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, ६० ने भागून बाकी ३. प्रभव, विभव, शुक्ल. तिसरा शुक्लच. म्हणजे आकडा आणि नाव एकमेकांना धरून आहेत. एखाद्या पोथीत शकाचा अंक एक सांगतो आणि संवत्सर भलताच येतो, तेव्हा समजावं की कुठेतरी नक्कल करताना हात चुकला आहे किंवा ओळ मागाहून घातली आहे. हा ताळा दोन मिनिटांचा आहे, तरी छापील पुस्तकांतसुद्धा तो कितीदा केलेला नसतो.

मग इसवी सन. इथे फार जण एक वर्षाने चुकतात. शकात ७८ मिळवले की सन येतो, हे शाळेपासून पाठ असतं. पण शक सुरू होतो चैत्रात. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस इंग्रजी नव्या वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवायचे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे १६३०, १६२९ नव्हे. त्यातही महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा, धरायचा, कारण कवी गोदावरीच्या मुलखातला. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पद्धतीत फाल्गुनाचा कृष्णपक्ष पौर्णिमेच्या आधी येतो आणि तारीख महिनाभर मागे सरकते. हे सगळं सांभाळून, तेव्हाच्या ज्युलियन गणनेने, येतो तो १९ फेब्रुवारी १६३०.

ही तारीख आज सगळ्यांना ठाऊक आहे. ती मान्य व्हायला मात्र वेळ लागला. नंतरच्या बखरींत शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच खरी मानली गेली. ताळा तिचाही जुळतो. १५४९ अधिक १२, बाकी १, म्हणजे प्रभव. तेव्हा नुसत्या ताळ्यावर निवाडा होत नाही, दुसरा साक्षीदार लागतो. तो आला जेधे शकावलीच्या रूपाने. कारीच्या जेधे देशमुखांकडची ही कोरडी नोंदवही लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी अशी नोंद आहे. गणित केलं तर १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच येतो. तंजावरच्या पोथीवरून सदाशिव महादेव दिवेकरांनी ‘शिवभारत’ छापलं ते १९२७ साली. परमानंदाने जेध्यांची वही पाहिली असण्याचा संभव नाही, आणि जेध्यांच्या कारकुनाला संस्कृत अनुष्टुभाशी कर्तव्य नव्हतं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांनी एकच तिथी सांगितली, त्यातला एक कवी होता, आणि या कवीने गद्य बखरकारांहून नेमकं सांगितलं. काव्य म्हणजे कल्पना आणि गद्य म्हणजे वस्तुस्थिती, ही आपली सोयीची वाटणी इथे मोडून पडते.

आता पुढची ओळ.

अनुकूलतरैस्तुंगसंश्रयैः पंचभिर्ग्रहैः ।

जन्मकाळी पाच ग्रह उच्चीचे, म्हणजे ज्योतिषाने प्रत्येकाला नेमून दिलेल्या सर्वांत बलवान राशीत, होते, असं परमानंद म्हणतो. तिथी इतकी काटेकोर दिली, तेव्हा हेही खरं असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तपासून पाहू. रवी मेषेत उच्चीचा, चंद्र वृषभेत, मंगळ मकरेत, बुध कन्येत, गुरू कर्केत, शुक्र मीनेत, शनी तुळेत. फाल्गुन वद्य तृतीयेला रवी कुंभेत किंवा फार तर मीनेत असतो. मेषेत तो चैत्रात जातो, त्याशिवाय चैत्र हे नावच पडत नाही. म्हणजे रवी बाद. फाल्गुनाची पौर्णिमा फल्गुनी नक्षत्रांच्या आसपास, तिथून तीन दिवसांनी चंद्र कन्येत पोचतो. जेधे शकावलीतलं हस्त नक्षत्र कन्येतलंच आहे. वृषभ तिथून फार लांब. चंद्र बाद. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे कधी जात नाही. रवी कुंभेत असताना बुध कन्येत असणं म्हणजे आकाशाच्या दुसऱ्या टोकाला असणं, ते घडतच नाही. बुधही बाद. उरले मंगळ, गुरू, शुक्र, शनी. हे चारही उच्चीचे होते असं घटकाभर धरलं तरी बेरीज चारच. सात ग्रहांच्या हिशेबात फाल्गुन वद्य तृतीयेला पाच ग्रह उच्चीचे असूच शकत नाहीत, त्या वर्षी नाही आणि दुसऱ्या कुठल्या वर्षीही नाही.

मग हे पाच ग्रह आले कुठून? ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात रघूचा जन्म आहे : ग्रहैस्ततः पंचभिरुच्चसंश्रयैः. परमानंदाची शब्दयोजना जवळजवळ तीच आहे. कालिदासाच्याही मागे गेलं तर वाल्मीकि-रामायणाच्या बालकांडात रामजन्माच्या वेळी ‘स्वोच्चसंस्थेषु पंचसु’ आहे. रामाचा जन्म चैत्रातला, तिथे रवी मेषेत धरता येतो आणि रवीसकट पाचाची बेरीज बसते. कालिदासाने ती रघूला दिली, परमानंदाने शिवाजीला. महिना बदलला तरी ग्रहांचा आकडा तोच राहिला.

एका श्लोकात पंचांग आहे आणि पुढच्या ओळीत कालिदास. दोन्ही एकाच वृत्तात, एकाच आवाजात, मध्ये कसली खूण नाही. काव्याचा इतिहासाला उपयोग करू पाहणाऱ्याची खरी अडचण ही आहे, आणि समीक्षेची गरजही नेमकी इथेच आहे. इतिहासकाराजवळ पंचांग असतं. पण ‘पंचभिर्ग्रहैः’ ऐकताच ‘रघुवंश’ आठवायला काव्य वाचलेलं असावं लागतं. ज्याने ते वाचलेलं नाही तो एक तर पाच ग्रहांची पत्रिका मांडायला बसतो, नाहीतर पाच ग्रह खोटे निघाले म्हणून तिथीसकट सगळा ग्रंथ भाटगिरी ठरवून बाजूला टाकतो. दोन्ही प्रकारचे वाचक आपल्याकडे भरपूर झाले. दुसरा प्रकार स्वतःला चिकित्सक म्हणवतो, पण मला तो पहिल्याइतकाच भाबडा वाटतो. ग्रंथ खरा की खोटा हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक ओळीला निराळं विचारावं लागतं : तू कुठल्या घरातून आलीस?

आणि पाच ग्रह फुकट गेले असंही समजू नये. जन्मवेळेचा पुरावा म्हणून ते निरुपयोगी आहेत, पण दुसऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून फार मोलाचे आहेत. आता काशीच्या पंडितांची चौकट आठवा. या श्रोत्यांना ‘रघुवंश’ मुखोद्गत, ज्योतिषही येणारं. फाल्गुनात रवी मेषेत नसतो हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं, आणि कवीलाही ते माहीत होतंच. तेव्हा ही फसवणूक नव्हे. ओळ ऐकताच पंडितांच्या मनात रघू यावा, सूर्यवंश यावा, चक्रवर्ती राजा यावा, एवढ्यासाठी ती आहे. जहागीरदाराच्या मुलाला कोणी रघूची पत्रिका देत नाही. राज्याभिषेक झाला १६७४ साली. पण हा राजा रघूच्या रांगेतला आहे असं संस्कृतात, काशीच्या पंडितांना उद्देशून म्हणावंसं वाटणं, ही त्या काळातली एक घटनाच आहे. तिची तारीख कुठल्या शकावलीत मिळणार नाही. ती काव्यातच नोंदली गेली, तीही ज्या ओळीला आपण खोटी म्हणत होतो त्या ओळीत.

पोवाड्याकडे वळलं की हत्यारं बदलावी लागतात. ‘शिवभारत’ लिहिलेलं काव्य आहे, पोवाडा गायलेलं. तो आधी रचला जातो, मग गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आणि फार उशिरा कागदावर येतो. हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला १८९१ साली. हे तेच अॅक्वर्थ, ज्यांचं नाव वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला आहे. यशवंत नरसिंह केळकरांचं काम त्यानंतरचं, १९२८ पासूनचं. म्हणजे सतराव्या शतकातल्या रचनेचा पहिला छापील पाठ आपल्या हाती येतो तो दोनशेहून अधिक वर्षांनी. या वाटेत काय टिकतं आणि काय झिजतं याचा अंदाज रचनेवरूनच बांधता येतो. पोवाड्यात यमकाची जागा घट्ट असते. तिथला शब्द सहसा हलत नाही, पण तो मुळातच यमकासाठी निवडलेला असू शकतो. म्हणून यमकात बसलेला आकडा असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये. बारा, अठरा, छप्पन, नऊ लाख हे आकडे मोजलेले नसतात, म्हणण्याच्या ओघात आलेले असतात. ‘पहा त्याला’सारखे भरतीचे तुकडे गाणारा आपापल्या श्वासाप्रमाणे घालतो, त्यांवरून भाषेचा काळ ठरवू नये. विश्वास ठेवावा तो ओळीच्या मध्यावर सहज आलेल्या, यमकाला नको असलेल्या तपशिलावर.

अज्ञानदासाच्या अफझलखान वधाच्या पोवाड्यातली ही जोडी घ्या :

डावे हाती बिचवा ल्याला ।
वाघनख सरजाच्या पंजाला ॥

यमक ‘ल्याला’ आणि ‘पंजाला’ यांचं. इथे ‘ल्याला’ आणि ‘त्याला’ असे दोन पाठ आढळतात. ल आणि त लिहिण्यात किती जवळ आहेत हे जुनी बाडं चाळणाऱ्याला माहीत असतं. मला ‘ल्याला’ योग्य वाटतो, कारण शस्त्र अंगावर लेणं ही जिवंत बोली आहे आणि ‘त्याला’ नुसती भरती आहे. पण पाठ कुठलाही घ्या, बिचवा आणि वाघनख या शब्दांना हात लागत नाही. ते ओळीच्या पोटात आहेत, यमकाने ओढून आणलेले नाहीत. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली, जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली. तिथेही बिचवा आणि वाघनखंच आहेत. परमानंद मात्र त्या प्रसंगी तलवार सांगतो.

साधन तिन्ही जवळच्या काळातलं, मग फरक का? शस्त्रांची यादी घेऊन बसलं तर उत्तर मिळत नाही, काव्यप्रकाराकडे पाहिलं तर मिळतं असं मला वाटतं. संस्कृत वीरकाव्याच्या नायकाला खड्ग शोभतं. मुठीत लपवलेलं नख त्या परंपरेत नायकाच्या हाती देता येत नाही. शाहिराला हा अडसर नाही. त्याच्या ऐकणाऱ्यांना डाव ओळखून टाकलेला प्रतिडाव आवडतो, मुठीतलं वाघनख ऐकताना मांडीवर थाप पडते. म्हणजे शाहिराचाही कल आहेच, पण त्याचा कल आणि सभासदाचं गद्य एकाच बाजूला जातात आणि परमानंदाच्या तलवारीला काव्यशास्त्राचं कारण दाखवता येतं. एवढ्यावर पारडं बिचव्याकडे झुकतं. झुकतं इतकंच म्हणावं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात नेमक्या क्षणी काय झालं, ते पाहणारे मोजके होते.

तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा याहून अवघड आहे, आणि याहून सुंदरही. रायबाचं लग्न, जिजाबाईंचा सोंगट्यांचा डाव, ऐंशी वर्षांचा शेलारमामा, यशवंती घोरपड, उदेभानाचा अचाट आहार, हे सगळं मराठी माणसाला पाठ आहे. आता सभासदाचं पान शेजारी ठेवा. तिथे तानाजी मालुसरे हा मावळ्यांचा हजारी, बरोबर पाचशे माणूस. निवडक मावळे रात्री कड्यावरून चढले, ‘जैसे वानर’ चढतात तसे. मग माळ, म्हणजे दोराची शिडी, लावून बाकीचे वर घेतले. तानाजी पडल्यावर सूर्याजी मालुसऱ्याने लोक सावरले. गड घेतल्यावर पागेच्या खणांना आग लावली, तो उजेड राजगडाहून महाराजांनी पाहिला. घोरपड नाही. लग्न नाही. महाराजांचं वाक्यही सभासदात असं आहे : एक गड घेतला, परंतु एक गड गेला. आपल्या ओठांवरचा ‘सिंह’ नंतर आला. त्याच्यामागे एक लोकसमजूत उभी आहे, की तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला. पण लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० ला, आणि १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रातच गडाला सिंहगड म्हटलेलं आहे. नाव आधीचं आहे, सिंह त्यात मागाहून वसला.

इथे बरेच अभ्यासक थांबतात : घोरपड खोटी, विषय संपला. मला वाटतं विषय इथून सुरू होतो. पोवाड्यात घोरपड नुसती दोर घेऊन चढत नाही, ती आधी मागे फिरते. हा अपशकुन आहे. लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला बाप लग्न टाकून निघतो, आणि कड्याखाली मुकं जनावर त्याला परत जा म्हणतं. लग्न, पैज, शकुन असे तीन वेळा परतीचे दरवाजे उघडतात आणि तानाजी तिन्ही वेळा पुढे जातो. रचना म्हणून हे अजोड आहे. सभासदाच्या पानात तानाजी शूर आहे. तुळशीदासाकडे तो जाणूनबुजून मरणाकडे चालला आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मावळातल्या माणसाला शौर्य कशात दिसत होतं, हे मला सभासदाहून तुळशीदास स्पष्ट सांगतो. घोरपड हा कडा चढण्याचा पुरावा नाही, ऐकणाऱ्यांच्या मनाचा आहे. सभासदाने लिहिलेलं ‘वानर’ लोकांच्या तोंडून घोरपडीपर्यंत कसं पोचलं असेल, असा एक विचार येऊन जातो. पण उपमेतून प्राणी जन्मला हे सिद्ध करायला मधल्या पायऱ्या हाती नाहीत, म्हणून तो विचारापुरताच ठेवावा.

भूषणाचं उदाहरण थोडक्यात सांगण्याजोगं आहे, कारण तिथली चूक सगळ्यात सोपी आहे. ‘शिवराजभूषण’ हा ब्रजभाषेतला अलंकारग्रंथ आहे. आधी अलंकाराचं लक्षण, मग शिवाजी महाराजांवर त्याचं उदाहरण, अशी त्याची बांधणी. ‘इंद्र जिमि जंभ पर’ ही उपमांची माळ आहे, कारण तिथे मालोपमा दाखवायची आहे. अतिशयोक्तीच्या उदाहरणात अतिशयोक्ती सापडली म्हणून कवीला खोटारडा म्हणणं म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातल्या वाक्यांवरून रामाने रोज आंबा खाल्ला असं ठरवण्यासारखं आहे. कवित्त वेचे म्हणून सुटे छापले जातात, वरचं लक्षण गळून जातं, आणि घोटाळा तिथे होतो. वेचा हातात आला की तो ग्रंथातल्या कुठल्या प्रकरणातून उचलला आहे ते आधी पाहावं.

आतापर्यंत इतिहासाला काव्य कसं वाचावं लागतं ते पाहिलं. आपल्याकडे याच्या उलटही घडलेलं आहे. पाठचिकित्सा हे इतिहासकाराचं काम एका कवीने केलं आणि त्याची नोंदही ओवीत ठेवली. एकनाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीला जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. ग्रंथ शके १२१२ चा. नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते, लोक आपल्या ओव्या मध्ये घुसवत होते. नाथांनी प्रत शुद्ध केली आणि लिहिलं :

शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं ।
एका जनार्दनें अत्यादरीं । गीता ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली ॥

ताळा करा. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, बाकी १८, अठरावा संवत्सर तारण. बरोबर. पुढे ते म्हणतात, ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतराने अबद्ध झाला होता, तो शोधून नीट केला. संपादनाचं तत्त्व इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे मला दिसलेलं नाही. दोष ग्रंथकाराचा नव्हे, वाटेतला आहे. संपादकाने ग्रंथ सुधारायचा नसतो, वाटेत चिकटलेलं काढायचं असतं. आणि मग ती प्रसिद्ध ताकीद : ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं जाणावं. आज याला प्रक्षेप म्हणतात. नरोटी हा शब्द जास्त नेमका आहे. करवंटी खोटी नसते, ती खरी आणि उपयोगी वस्तू आहे, पण त्या ताटात तिची जागा नाही. घातलेली ओवी वाईटच असेल असं नाही, तिचा काळ आणि हात वेगळा आहे एवढंच. नाथांनी कुठल्या ओव्या काढल्या याची यादी मात्र ठेवली नाही. त्यामुळे त्यांनी केलेली निवड तपासायला नाथपूर्व पोथ्यांचाच शोध घ्यावा लागतो, आणि त्या शोधात राजवाड्यांपासूनच्या संशोधकांनी आयुष्यातली कित्येक वर्षं घातली.

जोतीराव फुल्यांचा पोवाडा १८६९ चा. ‘कुळवाडीभूषण पवाडा गातो भोसल्याचा’ हे त्याचं पालुपद. सतराव्या शतकातल्या तपशिलांसाठी तो वाचायला बसलं तर निराशा होईल, कारण त्याच्या हाती जेधे शकावली नव्हती, ‘शिवभारत’ नव्हतं. १८२६ च्या ग्रँट डफच्या इतिहासानंतरचा आणि राजवाड्यांच्या पहिल्या साधनखंडाच्या, म्हणजे १८९८ च्या, आधीचा तो काळ. पण पालुपदातला ‘कुळवाडी’ हा एकच शब्द पाहा. परमानंदाने रघूची पत्रिका देऊन राजाला सूर्यवंशात बसवलं होतं. फुल्यांनी त्याच राजाला नांगर धरणाऱ्यांच्या वंशात बसवलं. दोघांनीही वंश सांगण्यासाठी कविताच निवडली, कारण कोण कोणाचा हा दावा मनात रुजवायचा तर तो गाता यावा लागतो. १८६९ साली पुण्यात हा राजा कोणाचा यावरून कसा विचार चालला होता, याचं हे अव्वल साधन आहे, आणि त्या कामासाठी ते पहिल्या प्रतीचं आहे.

कवीने इतिहास लिहायचा असेल तर कसा, याचा दंडक कल्हणाने बाराव्या शतकातच काश्मिरात घालून दिला होता. ज्याची वाणी राग-द्वेष टाकून, निवाडा देणाऱ्यासारखी घडलेलं सांगते तोच श्लाघ्य, असं ‘राजतरंगिणी’च्या आरंभी आहे. त्याने जुनी दानपत्रं, प्रशस्तिपट, आधीचे ग्रंथ पाहिल्याचंही सांगितलं आहे. तरी त्याच ग्रंथात रणादित्य नावाचा राजा तीनशे वर्षं राज्य करतो. दंडक घालणाऱ्याच्याही हातात आधीच्यांचं काव्य असतंच, आणि जिथे साधनं संपतात तिथे ते पुढे होतं.

परमानंदाचा ग्रंथ अपुरा आहे. एकतीस अध्याय पुरे होतात, बत्तिसावा नुकता सुरू झालेला असतो, आणि १६६१ च्या शृंगारपूरच्या आसपास कथा तुटते. पुरंदरचा तह, आग्रा, राज्याभिषेक, सगळं त्यापलीकडे राहिलं. पण १६६६ साली आग्र्याहून लिहिल्या गेलेल्या राजस्थानी पत्रांत, रोजच्या घडामोडींच्या कोरड्या ओळींमध्ये, ‘कवींद्र कवीश्वर’ असा एक माणूस येतो. महाराजांनी त्याला हत्ती-घोडा दिल्याची नोंद आहे, आणि हा परमानंदच असं इतिहासकार मानतात. त्याच्या स्वतःच्या काव्यात आग्रा नाही. आग्र्याच्या पत्रात तो आहे, दिलेल्या जनावरांच्या हिशेबाशेजारी, एका ओळीत.